तीसमधून सात

३ मार्च

गोगलगाय,

पत्रास कारण की तू फोन उचलत नाहीस. सोळा वेळा लावला. सतराव्या वेळी तुझ्या बहिणीने उचलला आणि "ती बोलणार नाही म्हणते" हे अशा सुरात सांगितलं, की जणू मी दारावर साबण विकायला आलेय. ठीक आहे. पत्र मध्येच बंद करता येत नाही. फाडता येतं, पण फाडणाऱ्यांतली तू नाहीस. तू नीट घडी घालून कपाटात ठेवणाऱ्यांतली.

तर वाच. चौकशी समितीसमोर मी जे बोलले ते तुला तोंडावर सांगायची माझी तयारी होती. पण तू पिशवी भरून बहिणीच्या घरी पसार झालीस, म्हणून कागद काळे करतेय. मी म्हणाले, "पोट शिवायला घेण्याआधी गॉजची मोजणी चालली होती. टेबलावरच्या सिस्टर मान खाली घालून ओठ हलवत होत्या. त्या प्रार्थना करत होत्या." त्यांनी विचारलं, खात्री आहे का. मी म्हणाले, "एकवीस वर्षं बघतेय यांना."

खोटं आहे का? सांग ना!

आपण दोघी एकाच आठवड्यात त्या ऑपरेशन थिएटरमध्ये आलो. मोठ्या बाईंनी चार दिवसांत नावं ठेवली, मी तोफ आणि तू गोगलगाय. तेव्हापासून मी तुला सांगत आलेय की देवबिव तुझ्या घरी ठेव, इथे साबण, स्पिरिट आणि शुद्ध डोकं एवढंच लागतं. तू हसायचीस. हसून सोडून द्यायचीस, म्हणजे मीच लहान पोर आणि तू समजूतदार. त्या हसण्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, ते आज सांगते.

आणि आता बघ. शिलाईचं दुकान चालवणारी एक धडधाकट बाई, तिच्या पोटात रक्त टिपायच्या गॉजची एक घडी राहिली. तिसऱ्या दिवशी ताप चढला, एक्स-रेत गॉजमधल्या दोऱ्याची पांढरी रेघ दिसली, पोट पुन्हा उघडावं लागलं. ती वाचली, ही तुझ्या देवाची कृपा वगैरे म्हणू नकोस. ज्या डॉक्टरांनी दुसऱ्यांदा हात घातला त्यांचं ते काम.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला माहीत आहे? समितीने तुला विचारलं तेव्हा तू मूग गिळून बसलीस. "मला काही सांगायचं नाही." एवढंच! अगं, भांडायचं होतंस. तोफ खोटारडी आहे म्हणायचं होतंस. तुला कामावरून बसवून ठेवलंय, तीस एप्रिलला निकाल आहे, कदाचित नर्स म्हणून तुझी नोंदणीच रद्द होईल, आणि तू बहिणीकडे जाऊन गप्प बसलीस! माझा नवरा गेला तेव्हाही अशीच कॉरिडॉरमध्ये उभी राहून "देवाची इच्छा" म्हणालीस. सहा वर्षं मी ते गिळलंय. आता तुझी नोकरी जाणार, तीही त्याचीच इच्छा का?

लेक रोज विचारते, मावशी कुठे आहे. मी काय सांगू?

उत्तर दे. शिव्या दे हवं तर. येतात का तुला, बघू.

तोफ


११ मार्च

तोफेस,

पत्र मिळालं. घडी घालून ठेवलं नाही. टेबलावर उघडंच पडलं होतं. बहिणीने त्यावर चहाचा कप ठेवला. मी उचलला नाही.

तू विचारलंस, खोटं आहे का. हो. खोटं आहे.

मी टेबलावर प्रार्थना करत नाही. एकवीस वर्षांत एकदाही केली नाही. मी प्रार्थना करते ती नळाखाली, हात घासताना. नखं, बोटांच्या बेचक्या, मनगट, कोपर. त्याला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात होते. तू शेजारच्या नळावर असतेस आणि तुझं तोंड चालू असतं. मोठ्या बाईंचा चष्मा, लेकीचे कापलेले केस, शेजारणीचा कुत्रा. मी हं म्हणत नाही तेव्हा तू कोपर मारून विचारतेस, बहिरी झालीस का. मी तेव्हा प्रार्थना करत असते. नळ बंद केला की ती संपली. पुढे माझे हात टेबलावरच्या माणसाचे. त्या वेळात देवाशी बोलणं म्हणजे त्या माणसाचा वेळ चोरणं, असं मी मानते. माझा देवही तसंच मानत असावा.

टेबलावर माझे ओठ हलतात कारण मी मोजत असते. मला मनातल्या मनात मोजता येत नाही. शाळेतही यायचं नाही, त्यासाठी मार खाल्ला आहे.

हे तुला माहीत नव्हतं, याचं मला आश्चर्य वाटलं. राग नंतर आला. आता चांगलाच आला आहे.

समितीसमोर गप्प का बसले? मी मोजत होते असं म्हटलं असतं, तर त्यांनी लगेच पुढचा प्रश्न विचारला असता. तो त्यांनी विचारू नये असं मला वाटलं. मी तुला विचारते.

त्या दिवशी तू तेवीस कसे मोजलेस, ते आठवून बघ.

गोगलगाय


१९ मार्च

वा!

शाब्बास. म्हणजे शेवटी खापर फोडायला माझंच डोकं सापडलं. एकवीस वर्षं देवाचं नाव घेऊन हसत राहायचं आणि वेळ आली की हळूच दुसरीकडे बोट दाखवायचं. तेही कसं, तर "आठवून बघ". मला शाळेतल्या बाईंसारखे प्रश्न विचारू नकोस!

आठवतंय मला. सगळं आठवतंय. त्या दिवशीचं चौथं ऑपरेशन. दहा-दहाची तीन पाकिटं उघडली, मी स्वतःच्या हाताने फळ्यावर तीस लिहिलं. तुझं काम टेबलावर, उरलेले मोजायचे. माझं काम खाली, वापरलेले बादलीतून चिमट्याने काढायचे, चादरीवर पाच-पाचच्या रांगा लावायच्या आणि मोजायचे. दोन्ही आकडे मिळून फळ्यावरचा आकडा यायला हवा. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची पोरगीसुद्धा हे झोपेत सांगेल. डॉक्टर म्हणत होते, "चला, शिवू का?" तू म्हणालीस सात. मी म्हणाले तेवीस. झाले तीस. कसे मोजलेस म्हणे! लोक मोजतात तसे मोजले. एकापासून सुरुवात करून.

तेव्हा चूक झाली असेल तर तुझ्या सातात झाली असेल. सहा असतील, तू ओठ हलवण्याच्या नादात सात म्हणाली असशील.

आणि तुझ्या नळाचं. काल मुद्दाम हात धुताना तोंडातून एक शब्द काढला नाही. नवी सिस्टर म्हणाली, "बरं नाही का तुम्हाला?" तिला काय सांगणार, की इथे माझी एक मैत्रीण एकवीस वर्षं उभी राहायची आणि आता मला ऐकवते की मी तिच्या देवाच्या आड येत होते. आड येत होते तर सांगायचं होतंस. "तोफे, तीन मिनिटं गप्प बस," एवढं म्हणायला तोंड दुखत होतं का? माझ्यापाशी तुला लपवावंसं वाटलं, हे बरोबर आहे का?

लेकीला तुझं पत्र वाचून दाखवलं. वाटलं होतं माझी बाजू घेईल. तर कार्टी विचारते, "आई, मावशी प्रार्थना करते हे तू ऐकलं होतंस की नुसतं पाहिलं होतंस?" मी तिला स्वयंपाकघरातून बाहेर घालवलं.

समितीला मी काही सांगणार नाही. सांगायचं ते सांगून झालंय.

तोफ


२८ मार्च

तोफे,

हे पत्र मी तीनदा लिहिलं. पहिली दोन फाडली. मी फाडणाऱ्यांतली नाही असं तू म्हणाली होतीस. तुला माझ्याबद्दल अशा खूप गोष्टी माहीत असतात.

आधी कॉरिडॉरचं. "देवाची इच्छा" मी म्हणाले नाही. ती तुझी नणंद. ती खिडकीशी उभी होती. मी तुझ्या मागे होते, तुझी पर्स आणि नवऱ्याच्या चपलांची पिशवी धरून. मी एक शब्दही बोलले नाही. मला त्या दिवशी देवाशीसुद्धा बोलावंसं वाटत नव्हतं. तेरा दिवस नळाखाली नुसते हात धुतले. पण ते वाक्य देवाचं होतं, म्हणून तू ते माझ्या नावावर टाकलंस आणि सहा वर्षं माझ्यावर दात धरलास. माझं तोंड न बघता! समितीसमोर तू हेच केलंस. मी तुला दिसलेच नाही. प्रार्थना करणारी एक बाई तुझ्या डोक्यात आहे, ती दिसली.

आता तेवीस.

मी सात म्हणाले. माझा शब्द संपायच्या आत तू तेवीस म्हणालीस. मध्ये श्वास घेण्याइतकाही वेळ गेला नाही. तेवीस मोजायला वेळ लागतो तोफे. मी पाठमोरी होते तरी मला ऐकू येतं. चिमटा बादलीला लागतो त्याचा आवाज येतो. तो आला नाही.

मला त्याच क्षणी कळलं. आणि मी गप्प बसले. नियमाने मी मान वळवून तुझ्या रांगा बघायला हव्या होत्या. "पुन्हा मोज" म्हणायला हवं होतं. का म्हटलं नाही? तुझ्या तोंडाला भ्याले. तू म्हणाली असतीस, "आता देवाला विचार ना." डॉक्टरांसमोर, सगळ्यांसमोर. आदल्याच आठवड्यात म्हणाली होतीस, ड्रिपच्या बाटल्यांवरून, आणि सगळे हसले होते. मी पण हसले होते. ते हसणं समजूतदारपणाचं नसतं गं. ते मार चुकवण्याचं असतं. एका बाईच्या पोटापेक्षा मला माझं हसं होणं मोठं वाटलं. हे माझं पाप आहे. ते तुझ्यावर ढकलत नाही, आणि कोणी मला ते माफही करू नये.

मी समितीला एवढंच लिहून पाठवते आहे, की मी मोजणी पडताळली नाही. तुझ्याबद्दल त्यात काही नसेल. तू काय करायचं ते तू बघ. तुझं बरं आहे. तुला रात्री कोणाला जाब द्यायचा नसतो.

त्या शिलाईवाल्या बाईंसाठी मी रोज सकाळी प्रार्थना करते. तुझ्यासाठी करत नाही. प्रयत्न केला. अजून जमत नाही.

गोगलगाय


२० एप्रिल

गोगलगाय,

तीन आठवडे लागले मला हे लिहायला. तुझ्या पत्रातलं शेवटाकडचं एक वाक्य आधी घेते. "तुला रात्री कोणाला जाब द्यायचा नसतो."

असं लिहिताना तुझा हात थांबला नाही? वर देव नाही म्हणून मी काय मोकाट जनावर आहे? मला जाब विचारणारी दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर होती. गोधडीसारखं शिवलेलं पोट घेऊन. मी रोज ड्यूटी संपली की तिच्याकडे जाऊन बसत होते. तुला वाटतं देव मानणाऱ्यालाच टोचणी लागते? तुझी टोचणी तू त्याच्यापुढे नेऊन ठेवतेस आणि सकाळी हलकी होतेस. मी कुठे नेऊ? माझी माझ्यापाशीच राहते. तू मला माझं तोंड बघ म्हणालीस ना? तूही एकदा माझं बघ.

बाई पहिले काही दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एका दुपारी म्हणाल्या, "सिस्टर, माझ्या दुकानात पाच मुली आहेत. एक सुई हरवली की मी पाचही मशिनी थांबवते. गिऱ्हाईक बोंबलू दे. सुई सापडल्याशिवाय कपडा दुकानाबाहेर जात नाही. तुमच्याकडे कोण थांबवतं?" मी म्हणाले, दोघी मोजतात. त्या म्हणाल्या, "मग माझ्या वेळी कोणी नाही मोजलं?"

मी तोफ. आणि मी त्यांचा पाण्याचा तांब्या भरून ठेवला नि खाली उतरले.

मी नाही मोजलं.

मी वजा केलं. तीसमधून सात गेले, उरले तेवीस. बादलीकडे बघितलंसुद्धा नाही. आणि आता जे लिहिते ते वाचून हे पत्र फाडलंस तरी चालेल. ते त्या दिवशी पहिल्यांदा घडलं नव्हतं. माझा नवरा गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, तू टेबलावर असलीस की मी मोजत नाही. रांगा लावल्यासारखं करते, तू आकडा सांगितलास की वजा करते. दुसरी कोणी टेबलावर असली की एकेक घडी चिमट्याने पसरून मोजते, दोनदा मोजते, त्यांना रडकुंडीला आणते. तू असलीस की नाही. कारण तू कधी चुकली नाहीस. सगळं डळमळलं होतं तेव्हा एक तूच होतीस जी सात म्हणाली की सातच असायचे. मला तेवढं एक न तपासता हवं होतं.

सात बरोबरच होते तुझे. बावीस बादलीत होते. बाईंच्या पोटात एक. तेवीस मी हवेतून काढले.

तुझ्याकडे बोट का दाखवलं? समितीसमोर बसले तेव्हा मला खरंच दिसत होते तुझे हलणारे ओठ. मला ते दिसायला हवे होते म्हणून दिसले. दुसरीकडे बघितलं असतं तर बादली दिसली असती.

सोबत नक्कल आहे. मूळ कागद मी काल समितीच्या हातात दिला, सही करून. त्यात सगळं आहे, सहा वर्षंही आहेत. तुझ्याबद्दल मी एक परिच्छेद लिहिलाय तोही वाच. त्यात म्हटलंय की तुझी प्रार्थना म्हणजे खरं तर मन एकाग्र करायची तुझी पद्धत आहे, आणि त्यामुळेच तुझी मोजणी अचूक असते. मला वाटतं, मला ते आता कळलंय.

एक शेवटचं. माझ्याबद्दल एक शब्द न लिहिता सगळं स्वतःवर घेणार होतीस, त्याचा मला भयंकर राग आलाय. माझ्या चुकीवर स्वतःचं पुण्य वाढवायचा धंदा पुन्हा करू नकोस.

तोफ


२६ एप्रिल

तोफे,

नक्कल वाचली. माझ्याबद्दलचा परिच्छेद काढून टाक. आजच जा आणि काढ.

तुला काहीही कळलेलं नाही. माझी प्रार्थना एकाग्रतेची पद्धत नाही. व्यायाम नाही. तिचा मोजणीला काडीचाही उपयोग नाही. मी ओठ हलवून मोजते म्हणून अचूक मोजते, त्यात देवाचा हात नाही, शाळेतल्या छडीचा आहे. माझ्या श्रद्धेचा काहीतरी उपयोग निघाला की मगच ती तुला परवडते का? मग तू तिला माफ करणार? तशी माफी मला नको. ती तुला बिनकामाची वाटू दे. चूक वाटू दे. फक्त ती माझी आहे एवढं राहू दे. तुझ्या फळ्यावर तिच्यासाठी रकाना पाडू नकोस.

आता सहा वर्षं.

ते वाचून मी अंगणात जाऊन उभी राहिले. बहिणीला वाटलं कोणी गेलं. मला इतका राग कधीच आला नव्हता, तू समितीत बोललीस तेव्हासुद्धा नाही. जगभर सांगत फिरतेस की तुला देव लागत नाही. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानत नाहीस. मग मला कशाला देव केलंस? मला विचारलं होतंस? मी चुकते. माझी पाठ दुखते, मला झोप येते, चौथ्या ऑपरेशनला मला समोरचं धूसर दिसतं. म्हणून तर दोघी लागतात. म्हणून तर तो नियम आहे. सहा वर्षं मला वाटत होतं माझ्या मागे कोणीतरी मोजतंय. माझ्या मागे कोणी नव्हतं. तू डोळे मिटून उभी होतीस.

मी देव मानते, पण मी डोळे उघडे ठेवते. हे एकदा तुझ्या त्या शुद्ध डोक्यात घाल.

जाबाबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेते. ते नीच होतं. देव न मानणाऱ्यांना आतून काही लागत नाही, असं मला लहानपणापासून कोणीतरी सांगितलं होतं आणि मी ते तपासलं नव्हतं. एकवीस वर्षं तू समोर असून तपासलं नाही. तेवढ्यापुरती मीही वजाबाकीच केली. बाईंच्या खाटेशी तू रोज बसलीस हे मला माहीत नव्हतं. मी इथे लांब बसून प्रार्थना केली, तू तिथे जाऊन बसलीस. कोणाचं जास्त, ते मला ठरवता येत नाही.

नळाखाली मी काय मागते, ते तू अजून विचारलं नाहीस. इतकी वर्षं मीही सांगितलं नाही कारण तू हसली असतीस. पेशंटसाठी असतं ते सांगणार नाही. पण शेवटी एक ओळ तुझ्यासाठी असायची, वीस वर्षं झाली. "हिच्या जिभेला जरा आवर घाल." आता तुझ्या समितीला सांग, प्रार्थनेचा काही उपयोग होत नाही. पुरावा आहे माझ्याकडे.

मार्चपासून ती ओळ बंद आहे.

गोगलगाय


९ जून

गोगलगाय,

समोरासमोर आलो तर भांडण होईल म्हणून गॉजच्या ट्रॉलीवरून चिठ्ठी पाठवतेय. तू वर चौथ्या मजल्यावर, मी खाली तळघरात, आणि बोलायचं कपड्यांच्या गठ्ठ्यांमधून. छान दिवस आलेत.

तुला लेखी समज देऊन परत घेतलं, हे मोठ्या बाईंकडून कळलं. मला वर्षभर थिएटरची पायरी चढायची नाही आणि नोंदणीवर शेरा. बरोबर आहे. कमीच आहे. शिलाईवाल्या बाईंना मी स्वतः त्यांच्या दुकानात जाऊन सांगितलं. त्या बराच वेळ कात्री चालवत राहिल्या, मग म्हणाल्या, "आता जा." पुन्हा या असं म्हणाल्या नाहीत.

तो परिच्छेद मी काढला. समितीतले गृहस्थ म्हणाले, राहू द्या, चांगला आहे. मी म्हणाले, जिच्याबद्दल आहे तिला नको आहे. का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "मला नीट कळलेलं नाही, पण तिचं तिला माहीत." हे वाक्य म्हणताना माझ्या जिवावर आलं होतं, ते तुला कळावं म्हणून लिहिलं.

तुझा देव मला अजूनही पटत नाही. मरेपर्यंत पटणार नाही. आणि मी तुझ्यावर अजून चिडलेली आहे. कळलं होतं तर मान वळवायची होतीस. हसलो असतो तर हसलो असतो. मी कसली मैत्रीण, जिला "पुन्हा मोज" म्हणायला तू घाबरावंस? त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून जास्तच चिडते.

इथे कपडे निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हची वाफ, कपाळाला चिकटलेले केस, आणि समोर पांढरा डोंगर. दिवसभर गॉजच्या घड्या घालायच्या, दहा-दहाची पाकिटं बांधायची, आत सहीची चिठ्ठी टाकायची. इथे दोघी नाहीत. मी एकटीच. म्हणून एकदा सरळ मोजते आणि एकदा उलटं, दहापासून एकापर्यंत. ओठ हलवून. इथल्या बायकांना वाटतं, मी म्हातारपणी देवधर्माला लागले. सांगायच्या फंदात पडत नाही.

तोफ


१७ जून

तोफे,

काल थिएटरमध्ये पहिलं मोठं ऑपरेशन झालं. खाली नवी सिस्टर होती. नळावर ती गप्प उभी राहिली, कोणीतरी तिला माझ्याबद्दल सांगून ठेवलं असावं. इतकी शांतता मला सोसली नाही. मी प्रार्थनेत मध्येच हरवले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. एकवीस वर्षं तुझ्या बडबडीच्या आत करायची सवय, ती अशी मोडणार नाही. हे तुला खूश करायला लिहीत नाही. मला त्याचाही राग आला.

शेवटी मी नऊ म्हणाले. नव्या सिस्टरने उत्तर दिलं नाही. चिमट्याचा आवाज येत राहिला. डॉक्टर म्हणाले, "शिवू का?" मी म्हणाले, "थांबा." मान वळवली आणि तिच्या रांगा एकेक करून बघितल्या. डॉक्टर वैतागले. एवढा वेळ मी पूर्वी कधीच थांबले नव्हते, आणि त्या वेळात मला फक्त त्या शिलाईवाल्या बाई दिसत होत्या. मग ती एकवीस म्हणाली. बरोबर होतं.

तू विचारलंस, कसली मैत्रीण. मलाही माहीत नाही. पण पुढच्या वेळी मी म्हणणार. डॉक्टरांसमोर, मोठ्या बाईंसमोर, सगळं हॉस्पिटल हसलं तरी म्हणणार. तू वर्षाने परत ये, मग बघ.

एक सांगायचं राहिलं. ऑपरेशनच्या सुरुवातीला पहिलं पाकीट उघडलं तर आत तुझी चिठ्ठी. तुझं ते वाकडं अक्षर. "दहा. सरळ आणि उलटं." खाली सही.

मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही. एकेक घडी उचलून मोजली.

दहाच होत्या.

गोगलगाय